आधी पाणी, मग गाडी

करंजाड्यात राहायला आले त्या पहिल्या एप्रिलात मी मुलाच्या मागे लागले, की एसीचं खूळ सोड आणि कूलर लाव. विदर्भात चौतीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला कूलर म्हणजे घरातलं माणूस. होळी झाली की टाकी घासायची, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, पंप फिरतो का ते पाहायचं. पहिल्या संध्याकाळी घरभर वाळ्याचा वास सुटला की उन्हाळा सुरू. मुलगा इथं आधीपासून राहत होता, तो नुसता हसला. तरी माझ्या हट्टापायी कूलर आला. दोन दिवसांत भिंतीला ओल धरली, पापड मऊ पडले, गादी चिकट झाली आणि अंगावरचा घाम तसाच. तिसऱ्या दिवशी मीच गुपचूप बटण बंद केलं. आता तो गॅलरीत आहे, आम्ही त्यात कांदे ठेवतो.

हे सांगायचं कारण असं, की ऊन लागलेल्या माणसाला गार कसं करायचं याचा मागच्या दोनशे वर्षांचा सगळा झगडा या माझ्या कूलरात आहे. मी सरकारी दवाखान्यातली सिस्टर, इतिहासाची कुठली पदवी माझ्याकडे नाही. निवृत्तीनंतर वाचत गेले आणि जुन्या पलटणींच्या हकिगतींत मला माझाच वॉर्ड दिसायला लागला, एवढंच.

आधी इथलंच सांगते. करंजाडे म्हणजे पनवेलहून गाढी नदी ओलांडली की अलीकडे उभी राहिलेली सिडकोची वसाहत. विमानतळासाठी उठवलेल्या गावांतली काही कुटुंबं इथं आली, मग आमच्यासारखी नोकरीवाली, आणि सगळ्यांच्या आधीपासून आहेत ते बांधकामावरचे मजूर. इथून खारघर गाडीनं अर्ध्या तासावर. तिथल्या मोठ्या मैदानात 16 एप्रिल 2023 ला, रविवारी, महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा झाला. आप्पासाहेब धर्माधिकारींना पुरस्कार होता. लाखो श्रीसदस्य, म्हणजे त्यांचे अनुयायी, आले होते, कित्येक तर आदल्या दिवसापासून येऊन बसले होते. डोक्यावर छप्पर नव्हतं. ऊन लागून 14 माणसं गेली. पुढं दुपारी 12 ते 5 उघड्यावर कार्यक्रम नकोत असं सरकारला जाहीर करावं लागलं.

त्या दिवशी इथलं तापमान 38 अंशांच्या आसपास होतं. नागपूरच्या माझ्या मैत्रिणीचा रात्री फोन आला, "अगं, अडतीसला माणसं जातात का?" तिचं चुकलं नव्हतं. आमच्याकडे 38 म्हणजे मार्चमधला बरा दिवस. पण तिकडचं 38 आणि खाडीकाठचं 38 ही एकाच नावाची दोन वेगवेगळी माणसं आहेत.

घाम आला म्हणून माणूस गार होत नाही, घाम सुकला म्हणून होतो. एक ग्रॅम पाणी अंगावरून उडून जाताना जवळजवळ 580 कॅलरी उष्णता घेऊन जातं. तेवढाच बर्फ वितळला तर फक्त 80. म्हणजे हिशेबानं घाम बर्फाच्या सातपट जोरदार. सत्तर किलोचा माणूस 42 अंशांवर पोचला आणि त्याला 39 वर आणायचं म्हटलं, तर त्याच्या अंगावरून पाव लिटरच्या जरा वर, साधारण 300 मिलिलिटर पाणी उडालं की काम झालं. दीड पेला! हेच काम नुसत्या वितळत्या बर्फावर सोपवलं तर सव्वादोन किलो बर्फ लागेल. आता वाचणारा म्हणेल, मग बर्फ हवाच कशाला? तर त्या दीड पेल्याला उडून जायला हवेत जागा पाहिजे. नागपूरची मेमधली हवा तहानलेली असते, ओला टॉवेल दहा मिनिटांत कडक करून टाकते. पनवेलची हवा आधीच पोटभर पाणी प्यायलेली. इथं घाम कपाळावरून निथळतो, हनुवटीवरून टपकतो, आणि टपकलेला घाम फुकट गेला.

जुनी माणसं हे आकड्यांशिवाय ओळखून होती. ऐन-ए-अकबरीत सोरा घोळून पाणी गार करायची रीत आहे, वाळ्याच्या ताट्यांचंही वर्णन आहे. ती उत्तरेची कोरडी अक्कल. कोकणात ताट्या नाहीत. इथं कोकम आहे, नारळाचं पाणी आहे, आणि दुपारी शेतातून परत यायची शिस्त आहे. घरगुती उपायांतला काशाच्या वाटीनं तळपाय घासायचा प्रकार दोन्हीकडे सापडतो. आईनं माझे घासलेत. झोप छान लागते. पण शुद्ध हरपलेल्या माणसाचे तळपाय घासत बसणं म्हणजे घर पेटल्यावर अंगणात सडा घालणं. खिशातल्या कांद्याबद्दल मी काही बोलणार नाही, विदर्भात अजून माझे नातेवाईक आहेत.

आता पलटणीकडे येते. हिंदुस्थानात गोऱ्या शिपायांना लढाईपेक्षा ऊन आणि साथीच जास्त मारत, आणि त्यांचे डॉक्टर या उन्हाच्या झटक्याला मेंदूत रक्त चढल्याचा रोग समजत. तोंड लाल, नाडी धडधडणारी, माणूस बेशुद्ध. मग रक्त काढा. नस कापायची, वाटीभर रक्त सोडायचं. ज्याच्या अंगातलं पाणी घामानं आधीच गेलंय त्याचं उरलंसुरलं रक्तही आपण काढायचं! सिंध जिंकणारा चार्ल्स नेपिअर 1843 च्या जूनमध्ये तंबूत असा कोसळला. त्याच्याच सांगण्याप्रमाणे त्या दिवशी चाळीसहून अधिक गोरे असेच पडले आणि काही तासांत तो सोडून सगळे मेले. त्याचंही रक्त काढलं होतं. तो वाचला, त्यामुळे रक्त काढण्याचं नाव आणखी काही वर्षं टिकलं असेल असं मला वाटतं. दवाखान्यात हे नेहमी पाहिलंय, वाचलेला एक रोगी चुकीच्या उपायाला वीस वर्षांचं आयुष्य देऊन जातो.

मग 1858. झाशी पडल्यावर इंग्रज सेनापती ह्यू रोज काल्पीकडे निघाला, समोर तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई. 7 मे रोजी कोंचला गाठ पडली. रोजचं सैन्य बरंचसं मुंबई इलाख्यातलं. त्या दिवशी गोळीनं पडले त्याच्या बरोबरीनं उन्हानं पडले. खुद्द रोज घोड्यावरून एकाहून अधिक वेळा खाली आला. दर वेळी त्याच्या अंगावर गार पाणी ओतलं, तो शुद्धीवर आला आणि परत घोड्यावर बसला. इथं नीट पाहा. नस कापायला वेळ नव्हता, डोली मागवून मागच्या तळावर न्यायलाही वेळ नव्हता. होतं ते पाणी, आणि ते जागच्या जागी ओतलं. मेमधल्या बुंदेलखंडाची हवा कोरडी, ओल्या कपड्यांतून वारा गेला की माणूस गार. उष्माघाताचा इलाज रणांगणावर असा गडबडीत झाला.

बंडवाल्यांना मात्र उन्हाची किंमत पक्की ठाऊक होती. त्यांचा एक हुकूम इंग्रजांच्या हाती पडला होता असं इंग्रजांनीच लिहून ठेवलंय: सकाळी दहाच्या आत गोऱ्यांवर चालून जाऊ नका, ऊन चढू द्या, बाकीचं ऊन करेल.

त्याच दिवसांत त्याच रस्त्यावर आपल्या रायगडचा एक माणूस होता. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे, दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेलेले आणि बंडात सापडलेले. त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी भेटते. धुळीनं भरलेली, तहानलेली. हे पाणी काढून द्यायला पुढं होतात, तर ती त्यांना थांबवते आणि विद्वान ब्राह्मणाकडून पाणी नको म्हणत स्वतःच काढून मातीच्या भांड्यातून ओंजळीनं पिते. हा प्रसंग शाळेत राणीच्या मोठेपणासाठी सांगतात. मला दरवेळी वेगळंच दिसतं. कोंच आणि काल्पीच्या त्या पंधरा दिवसांत दोन्ही बाजूंचं सैन्य विहिरीवर जगत होतं. एकाच्या डोक्यावर दुसरे पाणी ओततात, दुसरी स्वतः शेंदून घेते. वरसईच्या भटजींनी ते लिहिलं नसतं तर आपल्याला त्या उन्हाची फक्त एकच बाजू कळली असती, पलटणीतल्या डॉक्टरांची.

बर्फ या गोष्टीत बोटीतून येतो. अमेरिकेतल्या बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर थंडीत तळ्यांवरचा बर्फ करवतीनं कापून, भुशात रचून जगभर विकायचा. 1833 मध्ये त्याचं 'टस्कनी' जहाज कलकत्त्याला लागलं. निघताना 180 टन होता, चार महिन्यांच्या प्रवासात वितळून पोचेपर्यंत शंभरेक उरला. दुसऱ्याच वर्षी मुंबईत बर्फ आला, पुढं गोदीच्या बाजूला बर्फघरही झालं. जमशेटजी जीजीभाईंच्या घरच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि पाहुण्यांना सर्दी झाली अशी गोष्ट सांगतात. श्रीमंतांना त्याची मौज, आजाऱ्याला त्याचा आधार. पण बोटीवर अवलंबून असलेला बर्फ कोंचच्या रानात कुठून मिळणार? तो बंदरात, ऊन लागणारा माणूस आतल्या मुलखात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यंत्रावर बर्फ व्हायला लागला तेव्हा कुठं तो दवाखान्याच्या आवाक्यात आला.

आणि मग बसरा. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात कितीतरी गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते, 1914 ते 1919 च्या महायुद्धात या गावातून इतके गेले, इतके परतले नाहीत. त्यातले बरेच मेसोपोटेमियात गेले, म्हणजे आजच्या इराकात. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमाऱ्याचा वेढा, 29 एप्रिल 1916 ची शरणागती, पुढची पायपीट, हे युद्धाच्या पुस्तकांत असतं. उन्हाचं प्रकरण मागं पडतं. 1917 च्या जुलैत तिथं पारा 120 फॅरनहाइटच्या वर गेला आणि माणसं तंबूत पडल्या पडल्या जाऊ लागली.

त्या फौजेचे मुख्य सल्लागार डॉक्टर विल्यम विलकॉक्स. हे गृहस्थ मुळात विषतज्ज्ञ. लंडनला 1910 मध्ये गाजलेल्या क्रिपनच्या खटल्यात प्रेतातलं विष शोधून साक्ष देणारे हेच. त्यांनी उष्माघाताकडेही तपासनीसाच्या डोळ्यांनी पाहिलं: माणूस नेमका कुठल्या दिवशी पडतो, त्या दिवशी वारा होता का, हवेत ओल किती होती. बगदादची हवा कोरडी, बसऱ्याची खाडीची, चिकट, अगदी आमच्या पनवेलसारखी. बसऱ्यात ओली चादर आणि पंखा पुरत नव्हता, बर्फ लागायचा. म्हणून ठिकठिकाणी उष्माघाताची केंद्रं काढली. चटईची सावली, पाण्याची पिंपं, पंखे, बर्फ, आणि गुदद्वारातून ताप मोजायला थर्मामीटर. माणूस पडला की मोठ्या इस्पितळाकडे पाठवण्याआधी त्या केंद्रात, कपडे उतरवायचे, भिजवायचे, बर्फानं चोळायचं. विलकॉक्सनी 1920 मध्ये हे सगळं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहून काढलं.

म्हणजे 1920 मध्ये सगळं कागदावर होतं. आता माझी गोष्ट ऐका, मी नोकरीला लागले तेव्हा त्या कागदाला साठ वर्षं होऊन गेली होती.

विदर्भातला एक दवाखाना, नाव राहू द्या. मे महिना, दुपारी दोन-अडीचची वेळ. टेंपोतून एका वीटभट्टीवरच्या माणसाला आणलं, पस्तिशीचा असेल. चाळीस किलोमीटरवरून आणलेला, दीड तास टेंपोत, आणि टेंपोचा पत्रा तव्यासारखा. ऊन लागू नये म्हणून घरच्यांनी त्याला गोधडीत गुंडाळलं होतं. वाटेत तोंडात पन्हं ओतत होते. ते घशात अडकून छाती घरघरत होती. बडबड चाललेली, कुणाला ओळखत नव्हता. कातडी कोरडी, भाजलेल्या वांग्यासारखी गरम. मी नवी होते. काखेत थर्मामीटर लावला, 103 आला. एकशेतीन म्हणजे काय, मलेरियातही येतो. मग केसपेपर झाला, नातेवाइकांची सही झाली, रक्त काढलं, तापाचं इंजेक्शन दिलं. हे सगळं होईपर्यंत अर्धा तास गेला.

मेट्रनबाई राऊंडला आल्या. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "काखेतला कशाला बघते, खालून लाव." लावला. काचेचा थर्मामीटर 108 वर संपतो. पारा तिथं जाऊन थांबला होता. खरा ताप किती होता ते देव जाणे.

नळाखाली बादली लावली तर पाणी चटके देणारं. गच्चीवरची सिमेंटची टाकी दिवसभर उन्हात, मेमध्ये नळाला गार पाणी कुठून? वॉर्डातले मामा समोरच्या रसवंतीवर पळाले आणि पोत्यात भुसा लावून ठेवलेली बर्फाची अर्धी लादी खांद्यावर घेऊन आले. रसवंतीवाल्यानं पैसे घेतले नाहीत. मावशींनी ती दगडानं फोडली, आम्ही चादरी भिजवल्या, कूलर ओढून खाटेपाशी आणला. तासाभरात ताप 102 वर आला. माणूस मात्र परत आला नाही. लघवी बंद झाली, झटके आले, तिसऱ्या दिवशी पहाटे गेला.

त्या रात्री मेट्रनबाईंनी मला जे सांगितलं ते मी पुढं प्रत्येक नव्या पोरीला सांगत आले. हा ताप नव्हे. तापात शरीर स्वतःच आच वाढवतं, म्हणून गोळी लागू पडते. उष्माघातात आच बाहेरून आली आणि आतली विझवायची यंत्रणाच बसली, तिथं पॅरासिटामॉल काय करणार? नातेवाईक मात्र हात जोडून म्हणतात, सिस्टर, तापाचं काहीतरी द्या ना. मराठीत दोन्हीला अंग तापणंच म्हणतात, त्यांचा काय दोष. आतलं तापमान 40 च्या वर आणि माणूस भ्रमात किंवा बेशुद्ध, एवढं दिसलं की पुढच्या अर्ध्या तासातच काय ते. तो अर्धा तास आम्ही केसपेपरला दिला होता.

पुढं मी उन्हाळ्यातल्या शीतकक्षात कितीतरी वर्षं काढली. आम्ही त्याला कोल्ड वॉर्डच म्हणायचो. चार खाटा, दोन मोठे कूलर, बर्फाची पेटी, फवाऱ्याच्या बाटल्या. ओली चादर, वर पंखा, मान-काख-जांघेत बर्फाच्या पिशव्या. विदर्भाच्या हवेत चादर आणि वारा मिळून चांगलं काम करतात, आमची पुष्कळ माणसं वाचली. पण हवा मदत करत होती हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला वाटायचं, हे माझ्या हातांचं यश.

हवेच्या या मदतीचं पूर्ण शास्त्र मक्केत झालं. हजला जाणारी कोकणी कुटुंबं या भागात पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. 1995 पर्यंत मुंबईहून हाजींची जहाजं सुटायची. हज उन्हाळ्यात आली की भर वाळवंटात लाखो माणसं पायी. तिथं मुस्तफा खोगाली आणि लंडनचे जोसेफ वायनर यांनी एक खाट बनवली, 1980 मध्ये लॅन्सेटमध्ये तिची माहिती आली. जाळीच्या झोळीवर रोगी, चहूबाजूंनी 15 अंशांच्या पाण्याचा बारीक फवारा, आणि वर वारा कसला, तर 45 अंशांचा गरम! ऐकणारा चक्रावतो. पण कातडी फार गार पडली तर तिच्यातल्या शिरा आकसतात, माणूस कुडकुडायला लागतो आणि कुडकुडण्यानं परत उष्णता होते. म्हणून कातडी 32-33 वर ठेवायची आणि पाणी उडवत राहायचं. घामाची नक्कल, जरा सुधारून. हे वायनरही असेच तपासातले बरं का. माणसाचा पूर्वज म्हणून चाळीस वर्षं मिरवलेली पिल्टडाउनची कवटी बनावट आहे हे 1953 मध्ये उघड करणाऱ्यांत ते होते. एक विषाचा तपास करणारा, एक खोट्या हाडांचा. उष्माघाताला असली संशयी माणसं मानवली.

कुडकुडण्याच्या या भीतीनं बर्फाच्या पाण्याला मात्र बरीच वर्षं मागं ठेवलं. पुस्तकांत लिहायचे, बुडवू नका, शिरा आकसतील, उष्णता आत कोंडेल. बोलायला पटणारी गोष्ट. मग अमेरिकेतल्या फालमथ गावच्या शर्यतीचा हिशेब आला. ऑगस्टमधली सात मैलांची धाव, समुद्रकाठची दमट हवा, आणि शेवटच्या रेषेजवळ बर्फाच्या पाण्याचे टब मांडलेले. 18 वर्षांत तिथं उष्माघाताचे 274 धावपटू टबात घातले. सगळे जगले. मिनिटाला साधारण 0.22 अंश या वेगानं ताप उतरला, म्हणजे 42 चा माणूस पंधरा मिनिटांत 39 च्या खाली. शिरा आकसतात ते खरं, पण पाणी हवेपेक्षा पंचवीसपट जोरात उष्णता ओढतं, आकसलेल्या शिरांचं त्यापुढं काही चालत नाही. धावपटू तरुण आणि धडधाकट. सत्तरीच्या, मधुमेह असलेल्या, रांगेत बसून तापलेल्या माणसाचं गणित तितकं सोपं नाही, हे मी विसरत नाही. पण या लोकांनी एक नियम घालून दिला, आधी गार करा, मग हलवा. कोंचला पाणी ओतणाऱ्यांनी आणि बसऱ्याच्या केंद्रानं तेच केलं होतं. आमच्या टेंपोनं आणि केसपेपरनं नेमकं उलटं.

आता हे आपल्याकडेही पोचलंय. 2024 च्या उन्हाळ्यात दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात उष्माघाताचा वेगळा कक्ष झाला, त्यात बुडवायचे टब आहेत, बर्फाचं यंत्र आहे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या फिनिक्सच्या अग्निशमन दलानं वेगळीच शक्कल वापरात आणली. प्रेत न्यायची जी जाड पिशवी असते तिच्यात माणसाला ठेवायचं, बर्फ आणि पाणी भरायचं, चेन मानेपर्यंत ओढायची, आणि गाडी चालू. डोकं लावलंय, नाही म्हणत नाही. पण आपल्याकडे जिवंत माणसाला त्या पिशवीत घातलं तर नातेवाईक आधी सिस्टरलाच गार करतील.

मला पटली ती ताडपत्री. हीसुद्धा तिकडच्या खेळाच्या मैदानावरची रीत, टब नसेल तिथली. माणसाला ताडपत्रीवर निजवायचं, चौघा-सहा जणांनी कडा उचलून धरायच्या म्हणजे मध्ये खोलगट होतं, त्यात बर्फ आणि पाणी ओतायचं आणि झोळीसारखं हळूहळू हलवत राहायचं. एक जण डोक्याशी, तोंड पाण्याच्या वर धरून. दोनशे लिटरच्या टबाऐवजी पाच-सहा बादल्यांत भागतं. आमच्या वसाहतीत पाणी तासावर येतं आणि कधी टँकरवर, तिथं हा फरक मोठा. आणि पावसाच्या आधी पनवेलच्या बाजारात ताडपत्री काय, पावलापावलावर मिळते.

या मार्चमध्ये मी 12 बाय 9 ची निळी ताडपत्री आणली. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "काकू, हा खर्च कुठल्या खात्यात टाकू?" मी म्हटलं, माझ्या. बर्फाची सोय मासळी बाजारात लावून ठेवली. तिथला बर्फवाला आधी विचारायचा किती किलो सुरमई आहे, आता नुसता लादी काढतो. मग एका रविवारी रंगीत तालीम केली. शेजारच्या प्लॉटवर स्लॅबचं काम चालू होतं, तिथली चार पोरं बोलावली, दोघं बीडची, दोघं बिहारची. ऊन त्यांना नवं नाही, पण चौघंही म्हणाले की इथला घाम सुकतच नाही, जीव घुसमटतो. रोगी व्हायला कोणी तयार होईना. शेवटी वॉचमन चड्डी-बनियनवर आडवा झाला. पोरांनी कडा धरल्या, मी डोक्याशी बसले, सुनेनं बादल्या ओतल्या, मग बर्फ. पहिल्या मिनिटाला हसत होता, दुसऱ्या मिनिटाला म्हणाला, "आजी, बास, दात वाजायला लागले." मी घड्याळ पाहिलं. बीडच्या पोराच्या बाजूची कड सुटली होती, तिकडून पाणी चाललं होतं. त्याला सांगितलं, कड मनगटाला गुंडाळून धर, नुसत्या बोटांनी धरू नको. परत उचललं. या वेळी पाणी राहिलं.

टँकरचा दिवस होता म्हणून ताडपत्रीतलं पाणी फेकलं नाही. दोन बादल्या जिना धुवायला गेल्या, एक तुळशीला आणि कढीपत्त्याला. ताडपत्री वाळवून, घडी घालून वॉचमनच्या केबिनमध्ये वरच्या फळीवर ठेवली, आणि वर खडूनं लिहिलं, स्कूटरवर घालू नये.